‘तोंड आलंय’ म्हणून सोडून देऊ नका

गेल्या वर्षावासात एका वस्तीतल्या विहारात महिलांची आरोग्य बैठक झाली. विषय होता अंगावरून पांढरं जाण्याचा. बैठक संपली, चटया गुंडाळून झाल्या, आणि दाराशी चप्पल घालता घालता एका बाईने हळूच विचारलं, “ताई, तोंडाने केलं तर काही होतं का? दिवस राहत नाहीत, ते माहिती आहे. पण रोग?” तिच्या मागे आणखी तिघी थांबल्या होत्या. प्रश्न एकीनेच विचारला, पण उत्तर चौघींना हवं होतं.

उत्तर सरळ आहे : हो, होऊ शकतो. ज्याला शुद्ध मराठीत मुखमैथुन म्हणतात, म्हणजे एकाच्या गुप्तांगाशी दुसऱ्याने तोंड लावणं, त्यातून गुप्तरोग एकाकडून दुसऱ्याकडे जातो. तो गुप्तांगातून तोंडात जातो आणि तोंडातून गुप्तांगातही जातो. ही दुसरी दिशा फार कमी लोकांना माहीत असते.

हे आम्ही दाराशी उभं राहून चौघींना सांगितलं. पण जे चौघींना सांगता येतं ते सगळ्या वस्तीला का सांगू नये, म्हणून हा लेख.

एका ओठावरच्या फोडाची गोष्ट

आम्ही प्रसूती विभागात नर्सची नोकरी करत होतो तेव्हाची गोष्ट. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. बाविशीची मुलगी, पहिलटकरीण, पाचव्या महिन्यात पहिल्यांदा नाव घालायला आली. गरोदरपणाच्या नेहमीच्या रक्त तपासणीत सिफिलिसची चाचणी पॉझिटिव्ह आली. सिफिलिस म्हणजे जुने लोक ज्याला गरमी म्हणतात तो आजार. सोबत आलेली सासू तिथल्या तिथे म्हणाली, “आमच्या पोराला काही झालेलं नाही. हिनेच कुठून तरी आणलं.”

नवऱ्याला बोलावलं. दोन-तीन महिन्यांपूर्वी त्याच्या ओठावर फोड आला होता. दुखत नव्हता. मावा खातो, तोंड आलं असेल, असं घरातले म्हणाले. गल्लीतल्या डॉक्टरने ताकदीच्या गोळ्या आणि लावायला मलम दिलं. काही आठवड्यांनी फोड गेला आणि सगळे विसरले. दिवस राहिल्याचं कळल्यावर त्या दोघांनी नेहमीचा संबंध बंद केला होता, बाळाला धक्का लागेल या भीतीने. तोंडाने केलं तर कुणालाच काही होणार नाही, असं त्यांना वाटलं होतं. डॉक्टरांनी दोघांची हकीकत एकत्र ठेवली तेव्हा रोगाची वाट समजली. नवऱ्याच्या ओठावरून तो तिच्याकडे गेला होता. तिला झालेली जखम आतल्या बाजूला असावी. ती दुखली नाही, दिसली नाही.

दोघांना पेनिसिलिनची इंजेक्शनं मिळाली. प्रसूतीला वेळ होता, म्हणून उपचार वेळेत झाला आणि बाळ ठणठणीत जन्मलं. उपचार झाला नसता तर गर्भपात होणं, बाळ पोटात दगावणं किंवा रोग घेऊनच जन्मणं, यापैकी काहीही होऊ शकलं असतं.

आणखी एक गोष्ट लिहिलीच पाहिजे. त्या दिवशी वॉर्डात कुणीतरी सहज बोलून गेलं, “या वस्तीतल्या बायका अशाच असतात.” मुलीने ते ऐकलं. आम्हीही ऐकलं, त्याच वस्त्यांमधून आलेलो असूनही, आणि गप्प बसलो. रोग नवऱ्याच्या ओठावरून आला, दोष सुनेवर गेला आणि टोमणा सगळ्या समाजाला बसला. पुढे नोकरी सोडून वस्त्यांत काम सुरू केलं, त्यामागे त्या गप्प बसण्याची टोचणी आहे.

कोणता रोग कसा जातो

सिफिलिस : लागण झाल्यावर साधारण तीन आठवड्यांनी फोड येतो. कधी दहा दिवसांत येतो, कधी तीन महिनेही लागतात. तो ओठावर, जिभेवर, टाळ्याला किंवा गुप्तांगावर कुठेही येऊ शकतो. दुखत नाही, ही त्याची खूण. उपचार न करताही तो काही आठवड्यांत जातो आणि माणूस फसतो. रोग आत राहतो. नंतर अंगावर पुरळ येतं, तळहात-तळपायावर डाग दिसतात, तोंडात पांढुरके चट्टे येतात. या काळात तो सहज दुसऱ्याला लागतो. तोही टप्पा आपोआप जातो आणि पुढे काही वर्षांनी मेंदू, डोळे, हृदय यांच्यावर घाव बसू शकतो. वेळेत कळला तर पेनिसिलिनने पूर्ण बरा होतो.

गनोरिया : यालाच परमा म्हणतात. पुरुषाला लघवीच्या जागेतून पू येतो, जळजळ होते, म्हणून त्याला कळतं. घशात गेला तर बहुतेक वेळा काहीच त्रास होत नाही. झालाच तर साधी घसादुखी. त्यामुळे घशात परमा असलेला माणूस स्वतःला निरोगी समजत जोडीदाराला रोग देत राहतो. घशातला परमा जायला गुप्तांगातल्या परम्यापेक्षा चिवट असतो. त्यावर गोळ्यांपेक्षा इंजेक्शन भरवशाचं. म्हणून मेडिकलमधून स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक आणून दोन दिवस खाल्ली आणि बरं वाटलं म्हणून सोडली, असं करू नये. अर्धवट औषधाने जंतू मरत नाही, औषधालाच दाद देईनासा होतो.

हर्पिस : ओठाच्या कडेला पाण्याच्या बारीक फोडांचा झुबका येतो, चुरचुरतो. ताप आल्यावर उठतो म्हणून आपल्याकडे ‘जर उतू गेला’ म्हणतात. हा विषाणू तोंडाने गुप्तांगाला लागू शकतो. तो शरीरातून कायमचा जात नाही, पण औषधाने आटोक्यात राहतो. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आईला गुप्तांगावर हा नव्याने झाला तर जन्मणाऱ्या बाळाच्या जिवाला धोका असतो. म्हणून नवऱ्याच्या ओठावर असा फोड असेल तर त्या दिवसांत त्याने तोंड दूर ठेवावं, आणि बाळ झाल्यावर बाळाचे मुकेही घेऊ नयेत.

एचपीव्ही : गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग ज्या विषाणूमुळे होतो तोच हा. तोंडावाटे गेला तर बहुतेकांच्या शरीरातून तो आपोआप निघून जातो. काहींमध्ये टिकून राहतो आणि बऱ्याच वर्षांनी घशात, टॉन्सिलपाशी, जिभेच्या मुळाशी कर्करोग होऊ शकतो. याला लस आहे. मुलींना ९ ते १४ या वयात, म्हणजे कोणताही संबंध येण्याआधी, दिली तर तिचा सर्वात जास्त उपयोग. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०२३ मध्ये भारतात बनलेली लस बाजारात आणली. लसीबद्दल आपल्या आरोग्य केंद्रात विचारा.

एचआयव्ही : तोंडावाटे एचआयव्ही होण्याचा धोका फार कमी आहे. पण तोंडात जखम असेल, हिरड्यांतून रक्त येत असेल, तोंडात वीर्य किंवा पाळीचं रक्त गेलं, तर तो धोका वाढतो. थुंकीने, मुका घेतल्याने, एका ताटात जेवल्याने किंवा उष्टं पाणी प्यायल्याने एचआयव्ही होत नाही. हे पुन्हा सांगावं लागतं, कारण एचआयव्हीसोबत जगणाऱ्या माणसाचं ताट वेगळं करणारी घरं आजही आहेत. वेगळ्या ताटाचा आणि वेगळ्या पेल्याचा अपमान काय असतो हे आपल्या समाजाला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नाही. निदान आपण तरी तो कुणाचा करू नये.

मिश्री, मावा आणि हिरड्या

आमच्या आरोग्य शिबिरांत तोंड उघडून बघितलं की चित्र बहुतेक सारखंच असतं. बायकांची मिश्री, पुरुषांची तंबाखू, तरुण पोरांचा मावा आणि गुटखा. हिरड्या सुजलेल्या, गालाच्या आतली कातडी सोललेली, काहींचं तोंड दोन बोटंही उघडत नाही. अशा तोंडात जंतूला शिरायला दार उघडंच असतं. शिवाय तोंडात नेहमीच काहीतरी आलेलं असतं, म्हणून नव्या फोडाकडे कुणी बघत नाही. त्या पोराच्या ओठावरचा फोड माव्याच्या नावावर गेला तो असाच.

कर्करोगाचंही तसंच. आपल्याकडे तोंडाच्या कर्करोगाचं मोठं कारण तंबाखूच आहे. म्हणून दोन आठवड्यांत न भरलेली तोंडातली कोणतीही जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, गिळताना अडकणं, मानेला गाठ, यापैकी काहीही दिसलं तर डॉक्टरकडे गेलंच पाहिजे. कारण तंबाखू असो की दुसरं काही, ते डॉक्टरांना ठरवू दे.

काय काळजी घ्यायची

ज्या दिवशी दोघांपैकी कुणाच्या तोंडात किंवा गुप्तांगावर फोड, जखम, पुरळ, पू, वेगळा स्राव दिसेल, त्या दिवशी तोंड लावायचं नाही. आधी तपासणी.

पुरुषाच्या बाबतीत निरोध वापरावा. सरकारी केंद्रात तो फुकट मिळतो, आशाताईंकडेही मिळतो. बाईच्या बाबतीत निरोधाचं टोक आणि कडेची रिंग कापून, तो उभा चिरला की रबराचा चौकोनी पातळ तुकडा मिळतो. तो मध्ये धरायचा. एकदा वापरला की टाकून द्यायचा. तेल, व्हॅसलीन लावायचं नाही, रबर विरतं.

चूळ भरल्याने, मिठाच्या पाण्याने किंवा औषधी माउथवॉशने रोग टळत नाही. त्याआधी लगेच खसखसून दात घासले तर हिरडी खरचटते, फायद्याऐवजी तोटाच होतो. गुदद्वाराशी तोंड लावलं तर ‘अ’ प्रकारची कावीळ आणि जुलाबाचे जंतूही पोटात जातात.

आणि सर्वात महत्त्वाचं : ज्याला नको असेल त्याने ‘नको’ म्हणावं आणि समोरच्याने ते ऐकावं. मोबाईलवर जे दिसतं ते बघून नवरे बायकोवर जबरदस्ती करतात, हे आम्ही अनेक बैठकांत ऐकलं आहे. बायका सांगतात, “मला किळस येते, पण नाही म्हटलं तर संशय घेतो, मारतो.” यात आजाराचा प्रश्न नंतरचा, आधी माणूस म्हणून हक्काचा प्रश्न आहे. लग्न झालं म्हणून शरीर दुसऱ्याच्या मालकीचं होत नाही. आणि लहान मुलाच्या किंवा मुलीच्या तोंडात, गुप्तांगावर असा आजार दिसला तर तो लपवू नका. त्यामागे कुणाचा तरी अत्याचार असण्याची शक्यता असते, आणि २०१२ च्या पॉक्सो कायद्याने तोंडाने केलेला अत्याचारही गंभीर गुन्हा आहे. मदतीसाठी १०९८ हा मुलांचा हेल्पलाइन क्रमांक आहे.

कुठे जायचं, काय बोलायचं

रेल्वे रुळाच्या भिंतीवर, सार्वजनिक मुतारीत ‘गुप्तरोग तज्ज्ञ, खात्रीशीर इलाज’ अशी पत्रकं चिकटवलेली असतात. तिथे माणसाच्या शरमेचे पैसे घेतले जातात. मजुरीचे हजारो रुपये देऊन लोक पुड्या आणतात, आणि रोग तसाच राहतो.

मोठ्या सरकारी रुग्णालयांत, जिल्हा रुग्णालयांत गुप्तरोगासाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं. तिथे तपासणी, समुपदेशन आणि औषधं मोफत आहेत. एचआयव्हीची चाचणी आयसीटीसी केंद्रात मोफत होते. १०९७ या टोल फ्री क्रमांकावर नाव न सांगताही विचारता येतं.

पण एक अडचण समजून घ्या. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी लक्षण बघून औषध दिलं जातं. पू दिसला तर एक पाकीट, फोड दिसला तर दुसरं. घशात परमा असेल तर लक्षणच नसतं, आणि डॉक्टर घशाबद्दल विचारतही नाहीत. म्हणून ते आपणच सांगायला हवं. शब्द सुचत नसतील तर हे पाठ करा : “डॉक्टर, आमचा तोंडानेही संबंध येतो, घसाही तपासा.” एवढं एक वाक्य पुरतं. दोघांनी तपासणी करून घ्यावी, दोघांनी औषध पूर्ण करावं आणि डॉक्टर सांगतील तोवर संबंध टाळावा. एकट्याने औषध घेतलं तर रोग दुसऱ्याकडून परत येतो. संबंध आल्यावर लगेच केलेली चाचणी निगेटिव्ह आली तरी निश्चिंत होऊ नका. सिफिलिस आणि एचआयव्हीची चाचणी तीन महिन्यांनी पुन्हा करायला सांगतात. गरोदर बाईने पहिल्या तीन महिन्यांतच नाव घालावं, म्हणजे सिफिलिस असला तर उपचाराला वेळ मिळतो.

तुमच्या संमतीशिवाय एचआयव्हीची चाचणी करता येत नाही, आणि कुणी एचआयव्ही पॉझिटिव्ह आहे ही माहिती त्याच्या संमतीशिवाय फोडता येत नाही. त्यासाठी २०१७ चा कायदा आहे. बाकीच्या आजारांतही रुग्णाची गोष्ट रुग्णापाशी ठेवणं हे डॉक्टर आणि नर्सचं कर्तव्यच आहे. वॉर्डात कुणी वस्तीवरून, जातीवरून बोललं तर ऐकून घेऊ नका. नाव विचारा, लिहून ठेवा, लेखी तक्रार द्या. एकटीला भीती वाटत असेल तर मंडळाच्या चार बायका सोबत न्या.

‘विहारात असलं कशाला?’

हा लेख छापला की काही ज्येष्ठ उपासक नाराज होतील, हे आम्हाला माहीत आहे. “विहार पवित्र जागा आहे. असलं बोलून पोरं बिघडतील.” त्यांचा मान राखून आम्ही एक प्रसंग आठवून देतो.

प्रा. र. धों. कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढत होते. वाचक लैंगिक जीवनाबद्दल प्रश्न विचारत आणि कर्वे शास्त्राला धरून उत्तरं देत. त्या उत्तरांवरूनच अश्लीलतेचा खटला भरला गेला. कर्व्यांच्या बाजूने बोलायला लोक कचरत होते. १९३४ मध्ये त्यांची बाजू मांडायला बॅरिस्टर डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लोकांनी आपल्या अडचणी विचारल्या आणि जाणकाराने उत्तर दिलं, तर यात अश्लील काय, अशी त्यांची भूमिका होती. खटला हरले, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. पण बाबासाहेब कोणत्या बाजूला उभे होते, हे विसरून चालणार नाही.

विहाराच्या दाराशी हळू आवाजात विचारलेला प्रश्न तसाच आहे. बाबासाहेबांनी ज्या प्रश्नोत्तरांसाठी कोर्टात काळा कोट घातला, ती प्रश्नोत्तरं आपल्या विहारात बसत नसतील तर चूक प्रश्नाची नाही.

राहिली शीलाची गोष्ट. पंचशीलातलं तिसरं शील आपण रोज म्हणतो. कामेसु मिच्छाचारापासून दूर राहण्याचं. आमच्या समजुतीप्रमाणे त्याचा गाभा हा, की शरीरसुखासाठी कुणाला फसवायचं नाही, कुणावर बळजबरी करायची नाही, कुणाला दुखवायचं नाही. आपल्याला आजार असल्याचं माहीत असून जोडीदारापासून लपवणं, हा आमच्या लेखी शीलभंगच. आजार होणं हा शीलभंग नाही. आजार अज्ञानानेही होतो, आणि अज्ञानाला शिक्षा नसते, शिक्षण असतं.

पोरं बिघडतील म्हणता, तर ती आत्ता कुठून शिकताहेत ते बघा. हातातल्या मोबाईलवर त्यांना सगळं दिसतं, पण त्यात निरोध नसतो, संमती नसते, तपासणी नसते. जे दिसतं तेच खरं मानायचं नाही, तपासून, अनुभवून घ्यायचं, असं तथागतांनी कालामांना सांगितलं. ते पोरांना सांगायचं काम आपलं आहे. आपण बोललो नाही तर मोबाईल बोलतोच आहे.

पुढच्या पौर्णिमेला एवढं करा

प्रत्येक महिला मंडळाने पुढच्या पौर्णिमेला वंदनेनंतर अर्धा तास या विषयाला द्यावा. बायकांची बैठक वेगळी, पुरुषांची वेगळी, तरुणांची वेगळी घेतली तरी चालेल. एक रिकामा डबा ठेवा, चिठ्ठ्या टाकायला, नाव न लिहिता. जवळच्या केंद्रातल्या समुपदेशकाला बोलवा. सुरक्षा क्लिनिक कुठे आहे, कोणत्या वारी असतं, याची माहिती काढून विहाराच्या फळ्यावर लिहा. शरमेने कुणी एकटं जाणार नसेल तर सोबत जायला दोन माणसं ठरवा, एक बाई आणि एक पुरुष.

त्या चौघींपैकी दोघी पुढच्या आठवड्यात नवऱ्यांना घेऊन तपासणीला गेल्या. दोघींचेही रिपोर्ट निर्दोष आले. एकीचा नवरा तिथे आमच्याशी बोलला नाही, फक्त परत निघताना खिशातली माव्याची पुडी बाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. पुन्हा घेतली असेलही. पण तपासणीच्या रांगेत तो बायकोशेजारी उभा राहिला, ही गोष्ट आम्हाला मोठी वाटते. प्रसूती विभागातल्या त्या मुलीच्या शेजारी तेव्हा कुणीच उभं नव्हतं.

जय भीम! नमो बुद्धाय!